गंध ओळखीचा, नाव आपले



चिकपेटच्या गल्ल्यांतून डोळे मिटून चालणाऱ्या जुन्या रहिवाशालाही आपण कोठे पोहोचलो हे कळते. कोऱ्या रेशमी साड्या, कापूर-उदबत्ती, फुलबाजारातला मोगरा आणि नुकतीच दळलेली कॉफी त्याला वाट दाखवतात. अशा एखाद्या आजोबांपुढे परदेशी गंधचाचणी ठेवली, तर मात्र ते अडखळण्याचा संभव आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली चाचणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४० गंध आहेत. कागदावरील पट्टी खरवडायची, हुंगायची आणि चार नावांतून एक निवडायचे. चाचणी शास्त्रशुद्ध आहे. परंतु रूट बिअर, जिंजरब्रेड, लायलॅकचे फूल हे गंध पेठेतल्या आजोबांनी कधी अनुभवलेलेच नसतात. उत्तर चुकले, तर दोष नाकाचा की अनोळखी नावाचा?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांत हाताचा कंप सुरू होण्यापूर्वी काही वर्षे गंधज्ञान मंदावते. चुकीची चाचणी निरोगी माणसाला घोर लावते आणि खरी सूचना संशयात हरवते.

म्हणून देशोदेशी चाचण्या नव्याने घडवल्या गेल्या. जपानी चाचणीत हिनोकी वृक्षाचे लाकूड आणि लेखनाची शाई आली. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी वापरलेली भारतीय गंधचाचणी २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोविडच्या काळात मोहाली व चंडीगढच्या संशोधकांनी पुदिना, लसूण, बडीशेप, वेलदोडा आणि खोबरेल तेल हे घराघरांतले पाच गंध निवडले. त्याच सुमारास पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने, गंध नेमक्या प्रमाणात देऊन तो जाणवतो का हे मोजणारे यंत्र वापरले. गंध जाणवणे आणि तो ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानी घ्यावे.

केवळ नावे बदलून भागत नाही. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावतेच. म्हणून प्रत्येक नवी चाचणी प्रथम निरनिराळ्या वयाच्या निरोगी लोकांवर पडताळावी लागते. शिवाय भारतही एकजिनसी नाही. खोबरेल तेल एका घरी फोडणीचे, तर दुसऱ्या घरी केसांचे. चिकपेटमध्ये घरातला वेलदोडा दुकानात ‘एलक्की’ होतो आणि इस्पितळातल्या कागदावर ‘कार्डमम’. गंध एकच, पण आजोबांना तिसरे नाव ठाऊक नसेल, तर त्यांच्या नाकाला नापास ठरवणे अन्याय्य होय.

शाळेलाही हे नवे नाही. परक्या भाषेतल्या प्रश्नापुढे गप्प राहिलेले मूल तोच प्रश्न मराठीत विचारताच भराभर उत्तर देते. त्याला येत होते. विचारणाऱ्याची भाषा त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. मातृभाषेतील शाळेचे साठ वर्षांचे कार्य याच अनुभवावर उभे आहे.

पालकांनी एवढे अवश्य करावे. घरातील वडीलधाऱ्यांना करपलेले दूध किंवा गॅसची गळती कळेनाशी झाली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, वैद्यांना सांगावे. तपासणीच्या वेळी सोबत जावे आणि कागदावरचे प्रत्येक नाव त्यांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावे.