सही करण्यापूर्वी हिशेब करा
(बेंगळुरू येथील रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बेळगाव, खानापूर, मिरज, सोलापूर अशा भागांतून येऊन या बेंगळुरू शहरात रेल्वेच्या आणि टपालाच्या नोकरीत स्थिरावलेली आपण मंडळी. अलीकडे युनियनच्या कचेरीत बदली-बढतीच्या तक्रारींबरोबर एक नवा प्रश्न येतो. तरुण विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, बाहेर दीडपट पगार मिळतोय. राजीनामा देऊ का?"

पूर्वी आमचे उत्तर ठरलेले असे : हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. काही वर्षांपूर्वी एका तरुण तंत्रज्ञाला आम्ही असेच सांगून थांबवले. त्याच्या डोक्यावर कर्ज किती, नव्या नेमणुकीच्या पत्रात काय लिहिले आहे, हे आम्ही पाहिलेही नाही. त्याने आमचा शब्द मानला. संधी गेली आणि जुने कर्ज फेडायला त्याला नवे कर्ज काढावे लागले. एक सभासद कमी होईल ही धास्ती त्या वेळी आमच्या मनात नव्हती, असे छातीवर हात ठेवून आम्हाला सांगता येणार नाही. ती चूक आज आम्ही कबूल करतो.

आपल्या नोकरीला लोक आरामाची नोकरी म्हणतात. उन्हापावसात रूळ तपासणाऱ्या ट्रॅकमनला आणि रात्रभर टपालाच्या पिशव्या फोडणाऱ्या सॉर्टरला हा आराम कुठे असतो ते विचारा. जी काही शाश्वती आहे ती आयती मिळालेली नाही. मे 1974 चा वीस दिवसांचा रेल्वे संप झाला, हजारो कामगार तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या. त्यानंतर 1979-80 पासून रेल्वे कामगारांना बोनस लागू झाला. म्हणून ही नोकरी सोडताना आपण काय सोडतो, हे नीट माहीत असावे.

तथापि सरकारी छाप असली की नोकरी कायमची, हेही खरे नाही. याच बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना होता. तिथली नोकरी म्हणजे प्रतिष्ठा. 1980 च्या दशकात तिथले काही तंत्रज्ञ होसूरला टायटनच्या नव्या कारखान्यात गेले. पुढे जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. उलट बाजूही याच शहरात दिसते. भरघोस पगाराच्या संगणक कंपन्यांनी 2022-23 मध्ये माणसे कमी केली, तेव्हा अनेकांना एका पत्रानिशी घरी बसावे लागले.

म्हणून भावनेवर जाऊ नका, हिशेब करा. पहिला प्रश्न : नोकरीला कधी लागलात? 1 जानेवारी 2004 पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यांनी साधा राजीनामा दिला तर नियमाप्रमाणे मागची सगळी सेवा जप्त होते. पण 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते. अर्जावर एक शब्द चुकला तर जन्माचे नुकसान!

2004 नंतर लागलेल्यांचे एनपीएस खाते नोकरी सोडल्यावरही त्यांच्याच नावावर राहते. पण 1 एप्रिल 2025 पासून आलेली युनिफाइड पेन्शन स्कीम ज्यांनी निवडली, त्यांनी ध्यानात ठेवावे की राजीनामा दिल्यास तिची हमी असलेली पेन्शन मिळत नाही.

दुसरा प्रश्न : कुठे जाता? दुसऱ्या सरकारी खात्यात जायचे तर अर्ज आपल्या खात्यामार्फतच करा. परवानगीने दिलेला राजीनामा तांत्रिक राजीनामा ठरतो आणि मागची सेवा धरली जाते. प्रतिनियुक्तीवर जाता येत असेल तर उत्तमच. त्या मुदतीत मूळ जागेवरचा लीन राहतो, परतीची वाट खुली राहते.

तिसरा प्रश्न : हातात किती पडते? क्वार्टर सोडल्यावर बेंगळुरूचे भाडे आणि अनामत, रेल्वेचा पास, दवाखाना, मुलांची शाळा हे सगळे नव्या पगारातून वजा करा. मग ड्यूटीचे तास मोजा. हा कागद घरच्या माणसांबरोबर बसून भरा. पत्नीला सही झाल्यावर सांगू नका.

एवढे करूनही जाणे फायद्याचे ठरले, तर खुशाल जा. युनियन वाट अडवणार नाही, उलट अर्ज तपासून देईल. जो राहील त्यानेही भीतीपोटी राहू नये, विचार करून राहावे. आणि आपण राहणाऱ्यांनी एक विसरू नये. गेलेल्याची जागा रिकामी राहिली की त्याचे काम आपल्याच पाठीवर येते. रिक्त जागा भरा, कामाचे तास पाळा, ही मागणी त्यासाठीच आहे. माणसे धरून ठेवायची तर नोकरी राहण्याजोगी करावी लागेल. ते काम उपदेशाने होत नाही, संघटनेने होते.

कामगार एकजुटीचा विजय असो!