सिंधू आणि बेथ

मद्यपानानें मोडलेल्या घराची कथा मराठी माणसास नवी नाहीं. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत निवर्तले आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें त्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू व गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनीं महाराष्ट्राला रडविलें. पुढें ७५ वर्षांनीं, १९९४ सालीं, दूर न्यूझीलंडांत त्याच दुःखावर ‘वन्स वेअर वॉरिअर्स’, म्हणजे ‘एके काळचे वीर’, हा चित्रपट निघाला. ॲलन डफ यांच्या १९९० च्या कादंबरीवरून ली तामाहोरी यांनीं तो दिग्दर्शित केला.

चित्रपटाचा आरंभच सूचक आहे. डोंगर, पाणी, हिरवळ असें रम्य दृश्य दिसतें. कॅमेरा सरकतो आणि कळतें कीं, तें हमरस्त्याकडेला लावलेलें जाहिरातीचें चित्र आहे! त्याच्यापलीकडे आहे ती शहरांतील कळकट वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी लोक रोजगारासाठीं खेडीं सोडून शहरांत आले. कुळाची भूमि व वडीलधारीं माणसें मागें राहिलीं. या वस्तींत बेकार जेक हेके, त्याची पत्नी बेथ व मुलें राहतात. पानगृहांत जेकच्या बाहुबलाची वाहवा होते. त्याच्या मित्रासाठीं अंडीं तळण्यास बेथ नकार देते, एवढ्यावरून तो तिला निर्दयपणें मारतो. सुजलेल्या तोंडानें मुलाच्या सुनावणीस ती न्यायालयांत जाऊं शकत नाहीं, आणि मुलगा सरकारी देखरेखींत जातो. तेरा वर्षांची ग्रेस बापाच्या मित्राच्या अत्याचारानंतर जीव देते. तेव्हां मात्र बेथ लेकीचें प्रेत आपल्या कुळाच्या भूमीवर नेते आणि जेकला कायमचें सोडते.

सुधाकराची वकिलीची सनद कांहीं काळ रद्द होते व दुखावलेला अभिमान तो प्याल्यांत बुडवितो. जेकच्याहि मुळाशीं अपमानच आहे. आपण गुलामांचे वंशज, हें शल्य त्याला बोंचतें. तथापि मद्य हें हात उचलण्याचें निमित्त होय. बायको आपल्या मालकीची, ही समजूत मद्याच्या आधींची असते. सिंधूनेंहि तीच समजूत धर्म म्हणून उराशीं धरिली. माहेर संपन्न असूनहि तिनें पतीचें घर सोडलें नाहीं. तान्हें मूल त्याच्या हातून गेलें, तरी मरतां मरतां तिनें त्यालाच पाठीशीं घातलें. तिचें थोरपण निःसंशय. परंतु त्या थोरपणानें ना मूल वांचलें, ना सुधाकर.

नांदेड-लातूरकडील श्रोत्यांस हें चित्र परकें वाटूं नये. निजामी राज्यांत अबकारी हें उत्पन्नाचें मोठें साधन होतें. १९४८ सालीं तें राज्य गेलें, पण शिंदी व हातभट्टी गेली नाहीं. देगलूर-बिलोलीकडील घर असो कीं निलंगा-औशाकडील, जेथें आठवड्याची मजुरी गुत्त्यांत जाते तेथें चूल थंड राहते आणि मार मात्र ताजा असतो.

सिंधू राहिली व मेली. बेथ निघाली व वांचली. स्त्रीला या दोनच वाटा आहेत काय? १९८३ सालीं पतीचा छळ हा स्वतंत्र अपराध ठरला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. त्यानें स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला. मारणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा हुकूम न्यायाधीश देऊं शकतात. तक्रारीसाठीं संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. शिवाय महाराष्ट्रांत गांवचें परवाना असलेलें दारूदुकान बंद करण्यासाठीं मतदान मागतां येतें. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं ‘आडव्या बाटली’स मत दिलें, तर दुकान हटतें.

कायदा आपण होऊन दार ठोठावीत नाहीं, हें खरें. बेथलाहि बळ आलें तें आपल्या माणसांत परतल्यावर. म्हणून शेजारच्या घरांतून किंकाळी ऐकूं आली, तर ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लावून घेण्यापूर्वीं सिंधूचें तें रिकामें पाळण्याशेजारचें मरण आठवावें. तिच्या घराचें दार वेळींच कोणी ठोठाविलें असतें, तर गडकऱ्यांना निराळा शेवट लिहावा लागला असता.