यात वाईट माणूस कोण?

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो ऐकून आपल्यापैकी काही जण हसतील आणि माझ्या काही शिक्षकबंधूंच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे जपानी चित्रपटांचा. पण नटनट्यांच्या नव्हे, हाताने रेखाटलेल्या चित्रांच्या. चित्रामागून चित्र झरझर दाखवले म्हणजे कागदावरची माणसे चालू लागतात, रडू लागतात. जपानात यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. आपण सरसकट ‘कार्टून’ म्हणतो आणि पोरखेळ म्हणून सोडून देतो. मीही वर्षानुवर्षे सोडून देत होतो. तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, आणि साठी जवळ आल्यावर या पोरखेळाचा शौकीन झालो. तेव्हा हे काही विद्वानाचे व्याख्यान नव्हे. एका शौकिनाची मते आहेत. पटतील तेवढी घ्या, बाकीची सोडून द्या.

हा पाहुणा आपल्याला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची, आठवते? १९९० नंतरच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांच्या ओट्यावर आळीतली सगळी पोरे जमत. शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. ती मालिका १९८९ साली जपानात तयार झाली होती, हे मला फार उशिरा कळले. कथा इंग्रजाची, जंगल आपले आणि कुंचला जपान्यांचा! पुढे जपानचे युगो साको आणि आपल्याकडचे राम मोहन यांच्या पुढाकाराने रामायणावरही चित्रपट झाला. तो १९९२ साली तयार झाला आणि २०२५ च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांतून झळकला. आणि तुमच्या घरातली नातवंडे ज्या निळ्या मांजरापुढे ताट घेऊन बसतात, तो डोरेमॉनही तिकडचाच.

आता मी यात कसा सापडलो, ते सांगतो. नोकरीची शेवटची दोनतीन वर्षे राहिली असतील. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिला. श्रावणातला शनिवार, सकाळची शाळा, बाहेर पावसाची झड. मैदानावर नेण्याची सोय नाही. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक चित्रपट आणून दिला होता, तोच लावला. नाव ‘माझा शेजारी तोतोरो’. हायाओ मियाझाकी या दिग्दर्शकाचा, १९८८ सालचा. बोलणे सारे जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. मी अधूनमधून थांबवून मराठीत सांगत होतो. पण थोड्याच वेळात मुलांनी मला गप्प केले. “गुरुजी, कळतंय. तुम्ही थांबवू नका.”

गोष्ट अगदी साधी आहे. दोन बहिणी आहेत, मोठी सात्सुकी आणि धाकटी मेई. वडिलांबरोबर त्या टोकियोजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. तिला काय झाले आहे, ते नीट कोणी सांगत नाही. घरामागच्या भल्यामोठ्या कापुराच्या झाडात एक केसाळ, गुबगुबीत वनदेव राहतो. तो लहान पोरांनाच दिसतो. बस्स, एवढेच. पण त्यातले खेडे पाहा! सुरुवातीला पाणी ओतल्याशिवाय वर न खेचणारा हातपंप. गार पाण्यात टाकून ठेवलेल्या काकड्या, शेतातच बसून कचाकचा खाल्लेल्या. लावणीसाठी शाळेला दिलेली सुट्टी. आमची पोरे ओरडली, “गुरुजी, हे तर आपलंच गाव!” आपल्याकडच्या सिनेमात खेडे दाखवतात तेव्हा असे ओरडताना मी त्यांना पाहिले नव्हते.

चित्रपट निम्मा झाला असेल. शेवटच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. “गुरुजी, यात वाईट माणूस कोण?”

मी म्हटले, “बघ पुढे, येईल.” मलाही तसेच वाटत होते. कुणीतरी झाड तोडायला येईल, कुणी सावकार घर बळकवायला येईल. कोणीच आले नाही. चित्रपट संपला तरी आले नाही.

त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. आपण शिक्षक गोष्ट सांगतो ती कशी? रावण आहे, कंस आहे, लबाड कोल्हा आहे. शेवटी वाईटाचे वाईट होते आणि फळ्यावर आपण लिहितो, ‘तात्पर्य’. मीही हजार वेळा लिहिले असेल. मग वाईट माणूसच नसेल तर गोष्ट पुढे सरकते कशाच्या बळावर? हे पाहावे म्हणून मी त्या जुन्या विद्यार्थ्याकडून एकेक चित्रपट मागवू लागलो, आणि मंडळी, व्यसन लागले ते लागलेच.

‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ सालचा चित्रपट. याच मियाझाकींचा. यात तर सरळसरळ लढाई आहे. एका बाजूला जंगल आणि त्यातले वराहदेव, लांडगेदेव. दुसऱ्या बाजूला एबोशी नावाची बाई. ती लोखंड गाळण्याचा कारखाना चालवते आणि त्यासाठी जंगल तोडते. मी म्हटले, सापडली! हीच ती. पण थोड्या वेळाने कळते, की त्या कारखान्यात भाता दाबणाऱ्या बायका या कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या आहेत, आणि मागच्या आवारात तिने कुष्ठरोगी ठेवून घेतले आहेत. ज्यांना कोणी हात लावत नव्हते, त्यांच्या जखमांची पट्टी ती स्वतः बदलते. आता करता काय? जंगल तुटले तर देव मरतात, आणि कारखाना बुडाला तर या बायकांनी जायचे कुठे? ज्यांच्या गावाजवळ धरण झाले आहे किंवा खाण निघाली आहे, त्यांना हा पेच मी समजावून सांगायला नको. चित्रपटाच्या शेवटी एबोशीचा एक हात जातो. ती मरत नाही. पुन्हा नव्याने चांगले गाव वसवू, म्हणते. तिला शिक्षा झाली की माफी मिळाली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ठरवता येत नाही म्हणूनच तो चित्रपट मी चार वेळा पाहिला.

दुसरा एक सांगतो, ‘स्पिरिटेड अवे’. २००१ सालचा. २००३ साली याला अमेरिकेतले ऑस्कर पारितोषिक मिळाले. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी. सुरुवातीला मोटारीच्या मागच्या बाकावर तोंड फुगवून पडलेली. शूर नाही, हुशार नाही, देखणीही नाही. मला हेच आवडले. प्रत्येक वर्गात अशा पाचसात असतातच, आणि गोष्टीत त्यांना कोणी घेत नाही. तिचे आईबाप देवांसाठी मांडलेले अन्न हावरटपणे खातात आणि डुकरे होतात. त्यांना सोडवायचे तर पोरीने राक्षसाशी लढायला हवे, असे तुम्ही म्हणाल. छे! ती नोकरी धरते. देवांच्या एका हमामखान्यात फरशा पुसते. मालकीण जादूगारीण, ती कामाला ठेवताना पोरीचे नावच कापून घेते, आणि जो नाव विसरला तो कायमचा अडकला. एकदा एक पाहुणा येतो, चिखलाने लडबडलेला. दुर्गंधी अशी, की सगळे नाक धरून पळतात. चिहिरो त्याला न्हाऊ घालते. त्याच्या अंगात काहीतरी रुतलेले तिच्या हाताला लागते. दोर बांधून सगळे ओढतात, तो बाहेर येते एक मोडकी सायकल आणि तिच्यामागून ढीगभर कचरा! तो पाहुणा म्हणजे एक नदी असते. आमच्या ओढ्याच्या पुलाखाली काय काय पडले आहे ते मी रोज पाहतो. म्हणून या प्रसंगाला मी हसलोही आणि मला लाजही वाटली.

याच चित्रपटात एक आगगाडी आहे, पाण्यावरून जाणारी. चिहिरो तीत बसते, आणि मग काही मिनिटे काहीही घडत नाही. पाणी, सावल्यांसारखे प्रवासी, मावळती. आपल्याला वाटते, फीत अडकली की काय! ही मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. जपानी भाषेत तिला ‘मा’ म्हणतात. २००२ साली रॉजर ईबर्ट या अमेरिकन टीकाकाराशी बोलताना मियाझाकींनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितले, की दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो ‘मा’. आपल्या कीर्तनकारबुवांना हे निराळे शिकवावे लागत नाही. ऐन भरात बुवा एकदम थांबतात, मृदंगही थांबतो, आणि त्या शांततेत सभामंडपातल्या माणसाला स्वतःचे काहीतरी आठवते.

सगळेच असे सोन्याचे आहे, असे मात्र समजू नका. मारामारीच्या ज्या लांबलचक मालिका निघतात, त्या मला सोसवत नाहीत. एक ठोसा उगारायचा आज आणि लागायचा पुढच्या आठवड्यात! मधल्या वेळात दोघेही आरडाओरडा करणार आणि आपल्या ताकदीचे वर्णन करणार. पुष्कळ ठिकाणी मुलींची पात्रे नुसती शोभेची असतात, आणि कधी शोभेचीही नसतात. पोरांच्या हाती फोन देऊन आपण शेतावर निघून गेलो, तर ती काय पाहतील याचा भरवसा नाही. ॲनिमे म्हणजे सगळेच लहान मुलांसाठी, ही आपली समजूत मुळातच चूक आहे. उलट त्या बिचाऱ्या नोबिताला मात्र लोक उगाच नावे ठेवतात. आळशी आहे, रडका आहे, गणितात भोपळा. मुले बिघडतील म्हणे. अहो, तो आपल्या वर्गात बसलेलाच आहे! डोरेमॉनच्या खिशातून यंत्र मागून घेतले आणि सगळे सुरळीत झाले, असे बहुतेक वेळा होत नाही. ते त्याच्याच अंगावर उलटते. पोरांना हे बरोबर कळते.

या कलेचा एक मोठा धनी म्हणजे ओसामु तेझुका. त्यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. दर आठवड्याला भाग द्यायचा आणि पैसा तुटपुंजा. म्हणून थोड्या चित्रांत भागवायचे, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे. ही गरिबांघरची काटकसर. पण कथेला हात आखडता घेतला नाही. एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. बाप त्याच्यासारखा यंत्रमानव बनवतो, आणि तो वाढत नाही म्हणून त्याला सर्कशीला विकून टाकतो. लहान मुलांच्या मालिकेची ही सुरुवात!

आणि एक चित्रपट आहे, तो मी एकदाच पाहिला. ‘काजव्यांची समाधी’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. इसाओ ताकाहाता यांचा. तोतोरो आणि हा, एकाच दिवशी, १६ एप्रिल १९८८ ला, एकाच खेळात जोडीने दाखवले गेले. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. युद्धात त्यांची स्वतःची धाकटी बहीण उपासमारीने गेली होती. १९४५ साली कोबे शहरावर बाँब पडतात, आई जळून मरते. चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण मावशीकडे येतात. मावशी टोचून बोलते, पण तिला घरच्या तांदळाचा हिशेब आहे. पोरगा मानी, तो बहिणीला घेऊन बाहेर पडतो. तिथे त्याचे चुकते. पुढचे मी इथे सांगत नाही. लहान मुलांना हा दाखवू नका. तुम्ही मात्र पाहा. बाँब टाकणारा माणूस त्यात दिसतसुद्धा नाही.

आता त्या शनिवारचे राहिलेले सांगतो.

तोतोरोच्या शेवटाकडे दवाखान्यातून तार येते. आईचे घरी येणे लांबते. तोवर स्वयंपाकपाणी, शाळा, धाकटीचे सगळे निमूट करणारी सात्सुकी एकदम फुटते आणि मोठ्याने रडू लागते. आई मेली तर, म्हणते. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी कित्येक वर्षे क्षयाने अंथरुणाला खिळून होती, हे मी नंतर वाचले. त्या वेळी मला एवढेच दिसले, की चौथीतली एक मुलगी उठून व्हरांड्यात गेली.

मी मागोमाग गेलो. तिची आई तीन आठवडे जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात होती. घरच्यांनी तिला सांगितले होते, आई मामाकडे गेली आहे. गावाला खरे ठाऊक होते, मलाही होते. “मुलांना कशाला घोर,” असे तिच्या आजीला मीच म्हटले होते.

ती म्हणाली, “गुरुजी, त्या मुलींच्या आईला काय झालंय?”

मी म्हटले, “सिनेमात सांगितलेलं नाही.”

“मग माझ्या आईचं तरी सांगा.”

मंडळी, तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याजवळ उत्तर नव्हते, असे फार थोडे प्रसंग. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आजी माझ्यावर रागावल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पण रविवारी सकाळच्या एसटीने ते पोरीला घेऊन गेले. चित्रपटातली मेई आईसाठी मक्याचे कणीस घेऊन निघते. ही काही सिनेमातली मुलगी नव्हे. हिने गणिताच्या चाचणीचा पेपर नेला, वीसपैकी अठरा गुणांचा. आई पोळ्यानंतर घरी आली.

सोमवारी शेवटच्या बाकावरच्या त्या पोराने मला पुन्हा गाठले. मी मनाशी काही उत्तर जुळवून आणले होते. म्हटले, “काय रे, सापडला का वाईट माणूस?”

तो म्हणाला, “नाही सापडला. राहू द्या. पण ती बारा पायांची मांजराची बस पुन्हा कधी दाखवता?”

मधल्या सुट्टीत दाखवली. दोनदा.