आपला हॉल आणि 'आविष्कार'

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिला आहे, 'आपल्या परिसरातील एका संस्थेविषयी कृतज्ञता'. मी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था निवडली. आपण दादर-माहीमची माणसं. शिवाजी मंदिर आपल्याला ठाऊक असतं, कारण तिथे पाटी आहे, बुकिंगची खिडकी आहे, बटाटेवडा आहे. 'आविष्कार'ची अशी मोठी इमारत कधी नव्हती. त्यामुळे तिच्याजवळून आपण रोज गेलो आणि पुष्कळांना ती दिसलीच नाही.

थोडा इतिहास सांगतो. 1960 साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे वगैरे मंडळींनी 'रंगायन' सुरू केली. 1967 साली त्याच संस्थेनं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेबाई म्हणजे सुलभा देशपांडे. पुढे ही मंडळी वेगळी झाली आणि 1971 साली अरविंद देशपांडे, सुलभाताई, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'आविष्कार' स्थापन केली. पहिलं नाटक केलं 'तुघलक', गिरीश कार्नाडांचं. मराठी अनुवाद तेंडुलकरांचा, आणि तुघलक झाले होते अरुण सरनाईक.

संस्था झाली, नाटक झालं, पण पुढचा प्रश्न आपल्या सोसायटीतल्या प्रश्नांसारखाच होता. जागा! ज्या नाटकाला शंभर-दीडशेच माणसं येणार, त्याला मोठ्या थिएटरचं भाडं कसं परवडणार? आणि नवं काही करून बघायचं तर ते फसणारही. फसायला परवडेल अशी जागा हवी होती.

ती जागा मिळाली 1974 साली. दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेचा हॉल. सुलभाताई छबिलदासच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि विद्यार्थिनींसाठी नाटकं लिहीत, बसवत. शाळेचा हॉल म्हणजे काय असतो ते आपल्याला माहीत आहे. आरामखुर्च्या नाहीत, फिरता रंगमंच नाही. पण दादर स्टेशन जवळ. पश्चिम रेल्वेचा माणूस उतरेल आणि मध्य रेल्वेचाही उतरेल. ऑफिस सुटल्यावर येईल आणि नाटक संपल्यावर गाडी पकडून घरी जाईल. मुंबईत कला जगते ती अशा हिशेबांवरही.

मी 1977 साली नोकरीला लागलो. ऑफिसातल्या एका मित्रानं मला ओढून तिथे नेलं. आमच्या गावी नाटक म्हणजे जत्रेतलं, पडदे रंगवलेलं, घामाघूम होऊन पदं म्हणणारं. इथे पडदाच नव्हता. नट माझ्यापासून चार हातांवर उभा. त्याचा श्वास ऐकू येत होता. बाहेर दादरचा बाजार चालूच होता, पण हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. खरं सांगतो, नाटक मला निम्मं कळलं नाही. पण घरी जाताना मी आणि मित्र बांद्र्यापर्यंत त्यावर भांडत गेलो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

आणि हॉल 'आविष्कार'नं स्वतःपुरता ठेवला नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. स्वतःची नाटकं केलीच. तेंडुलकरांचं 'पाहिजे जातीचे' केलं, त्यात नाना पाटेकर होते. पण सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्या दुसऱ्या रंगकर्मींचे प्रयोगही त्याच हॉलमध्ये झाले. मराठी झाले, हिंदी झाले. म्हणून तर लोक 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले. एका शाळेच्या हॉलचं नाव चळवळीला मिळालं!

मुलांसाठी 'चंद्रशाला' सुरू झाली. सुलभाताईंचं 'दुर्गा झाली गौरी' तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. मुलांच्या एकामागून एक पिढ्या त्यात नाचल्या. त्यातली थोडी नट झाली. बाकीची डॉक्टर, शिक्षक, क्लार्क झाली असतील. पण चारचौघांत उभं राहून बोलायला ती शिकली, आणि दुसऱ्याची एंट्री होईपर्यंत विंगेत गप्प उभं राहायलाही शिकली. हे दुसरं शिक्षण जास्त अवघड, आपल्या जनरल बॉडी मीटिंगा बघता.

(हशा)

1987 साली अरविंद देशपांडे गेले. संस्था थांबली नाही. त्यांच्या नावानं नाट्यमहोत्सव सुरू झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचा हॉल सुटला. सामान उचललं आणि मंडळी आली माहीमच्या म्युनिसिपल शाळेत. म्हणजे आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तीनही नाटकं सलग करण्याचं धाडस याच संस्थेनं केलं, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली. दिवसभराचं नाटक! लोक डबे घेऊन बसले होते.

या सगळ्यामागे अरुण काकडे. सगळे त्यांना काकडेकाका म्हणत. टाळ्या नटाला मिळतात. पण हॉल ठरवणं, खुर्च्या मांडणं, पैशांची जुळवाजुळव करणं, तालमीला किल्ली घेऊन हजर राहणं, हे कुणीतरी करावं लागतं. पन्नास वर्षांच्या आसपास त्यांनी ते केलं. 2016 साली सुलभाताई गेल्या, 2019 साली काकडेकाका गेले. आज ही सगळी मंडळी आपल्यात नाहीत. त्यांना मनापासून नमस्कार.

आता शेवटची दोन मिनिटं. इथे मला थोडं स्वतःबद्दल बोलायचं आहे.

बारा वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गणपतीतल्या नाटकासाठी आपली मुलं याच हॉलमध्ये तालीम करायची. आवाज होतो म्हणून तीन तक्रारी आल्या. मी नोटीस लावली, 'हॉलमध्ये तालमी करण्यास सक्त मनाई आहे.' सही माझी. मुलं आठ दिवस पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधे तालीम करत होती. मग वॉचमननं तिथूनही उठवलं. त्या वर्षी नाटक झालं नाही. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. गणपतीत आपण ऑर्केस्ट्रा मागवला, तो आजतागायत मागवतोय.

ज्या माणसाला एका शाळेनं दिलेल्या हॉलमुळे आयुष्यभराचा आनंद मिळाला, त्याच माणसानं स्वतःच्या हातात किल्ली आल्यावर हॉलला कुलूप लावलं. ही गोष्ट मला बारा वर्षं टोचते आहे. आज सगळ्यांसमोर त्या मुलांची माफी मागतो. त्यातली दोघं आज इथे आहेत, आपापली लेकरं घेऊन.

येत्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर हा हॉल क्लासवाल्यांना सातही दिवस भाड्यानं देण्याचा विषय आहे. मी भाड्याच्या विरोधात नाही. लिफ्ट बदलायची आहे, टाकीचं काम आहे, सिंकिंग फंडाची अवस्था मला ठाऊक आहे. माझं मागणं एवढंच आहे, शनिवार-रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. सहा ते नऊ. नाटक, भजन, तबला, भरतनाट्यम, काहीही. सोसायटीतल्यांना विनामूल्य आणि गल्लीतल्या मुलांनाही यायला मुभा. आणि हे तोंडी नको, ठरावात लिहून घ्या. तोंडी सवलत सेक्रेटरी बदलला की जाते, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि किल्लीचं काय, कोण उघडणार, कोण झाडणार, दिवे कोण बंद करणार, हा प्रश्न चेअरमनसाहेब विचारणारच. ते काम मी घेतो. गुडघे दुखतात, पण मी तळमजल्यावर राहतो.

'आविष्कार'चा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करता येईल, जरूर करावा. पण ज्या संस्थेनं मिळालेली जागा दुसऱ्यांसाठी उघडी ठेवली, तिचे आभार मानायचे तर आपलंही एक दार उघडावं लागेल.

दहा मिनिटांची बारा झाली, क्षमस्व. सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. पुढच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा नको, आपल्या मुलांचं नाटक बघू या. तिसरी घंटा मी देतो.