लीलावतीतील घनमूळ



मोठ्या संख्येचे घनमूळ क्षणात सांगणारी चलाख मुले आपल्या जबलपुरातही आढळतात. १९६८३ म्हटले, की शेवटच्या ३ वरून एकंस्थानी ७, आणि १९ हे ८ व २७ यांच्या दरम्यान म्हणून दहंस्थानी २, उत्तर २७. परंतु संख्या पूर्ण घन असेल तरच ही युक्ती चालते. १९६८४ विचारले, तर तीच बेधडक २४ सांगते!

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त दिलेली रीत असे फसवीत नाही. १९६८३ हे तिच्यातीलच उदाहरण. उजवीकडून पहिले स्थान घन, पुढची दोन अघन, पुन्हा घन, अशा खुणा कराव्यात. डावीकडील १९ मधून २ चा घन ८ वजा केला, उरले ११. शेजारी ६ उतरवून ११६. यास २ च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे १२ ने भागावे. भाग ९ वेळा जातो; पण ९ घेता येत नाहीत, कारण पुढे आणखी दोन वजाबाक्या व्हावयाच्या आहेत. हिशेबखात्यात हयात घालविलेल्या मजसारख्यास हे फार पटते. शिल्लक दिसली म्हणून सारी खर्चून कसे चालेल? ८ नेही निभत नाही. ७ घेतले, की ८४ जाऊन ३२ उरतात. ८ उतरवून ३२८. त्यातून ७ चा वर्ग गुणिले २ ची तिप्पट, म्हणजे २९४, वजा जाता ३४. शेवटचे ३ उतरवून ३४३, आणि ७ चा घनही तेवढाच. बाकी शून्य. संख्या १९६८४ असती, तर बाकी १ राहिली असती, आणि ती उघड दिसली असती.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ च्या शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. मठाला नेमून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत कोरलेला आहे. शास्त्र संस्कृतात, हिशेब मराठीत! आमची नातवंडे हिंदीत वा इंग्रजीत गणित शिकतात, त्यात गैर काही नाही. पण ‘एकोणसत्तर’ म्हटले की ती गोंधळतात, आणि आजोबांचे गणित आजोबांपाशीच राहते.

लीलावतीतील पुढचे उदाहरण १९५३१२५ हे आहे. आज रात्री पाटी घेऊन ते नातवंडांसमोर, प्रत्येक पायरी मराठीत मोठ्याने बोलत, सोडवावे. दुसरा अंक काढताना ९ ला ३ ने भागून ३ येतील. ते घेऊ नयेत.