चौथ्या वर्षाचा जमाखर्च

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वाणिज्य शाखेत शिकवणाऱ्या माणसाला कुठल्याही गोष्टीचा जमाखर्च मांडायची खोड असते. आज मी एका वर्षाचा जमाखर्च मांडणार आहे. ते वर्ष म्हणजे पदवीचं चौथं वर्ष, ज्याला आता ‘ऑनर्स’ म्हणतात.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं, तेव्हापासून आपल्याकडे बी.कॉम. ही पदवी घरोघर ओळखीची झाली. १९९९ मध्ये मुंबई विद्यापीठाने बी.एम.एस. सुरू केलं आणि व्यवस्थापन हा विषय बारावीनंतर लगेच शिकता येऊ लागला. पण ‘ऑनर्स’ हा शब्द आपल्या तोंडी फारसा नव्हता. तो दिल्लीचा, कोलकात्याचा. आपण म्हणायचो, ‘अर्थशास्त्र स्पेशल घेतलंय.’ त्यामुळे ऑनर्स म्हटलं की पालकांना वाटतं, हे हुशार मुलांचं काहीतरी खास प्रकरण असणार. तसं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा दिला. तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवले की पदवी, चार वर्षांत १६० मिळवले की ऑनर्स पदवी. महाराष्ट्रात सत्राला २२ या हिशेबाने हे आकडे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना आली.

श्रेयांक म्हणजे काय? सत्रभरात १५ तासांचं अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे ६० तास. यात मुख्य विषय आहे, दुय्यम विषय आहे, भारतीय ज्ञानप्रणाली आहे, कौशल्याचे विषय आहेत आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आहे. वाणिज्याच्या मुलाने एखाद्या हिशेबनिसाच्या कार्यालयात बसून खऱ्या पावत्या हाताळल्या, तर त्याचेही श्रेयांक मिळतात. हा बदल मला मनापासून आवडतो. ताळेबंद फळ्यावर जुळतो, दुकानात तो जुळवावा लागतो.

आता चौथं वर्ष. त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला साधा ऑनर्सचा. त्यात मुख्य विषयाचा अभ्यास अधिक खोलवर होतो. दुसरा ‘संशोधनासह ऑनर्स’चा. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे ७५ टक्क्यांची अट दुसऱ्या रस्त्याला आहे, पहिल्याला नाही. पालकांची सर्वांत जास्त गफलत इथेच होते. ‘सत्तर टक्के आहेत, म्हणजे ऑनर्स गेलं,’ असं म्हणत ते घरी जातात.

गेल्या काही दिवसांत एका विद्यार्थिनीने मला विचारलं, ‘सर, चौथं वर्ष करायचं म्हटलं तर घरी काय सांगू?’ मुलगी हुशार. रोज एसटीने येणारी. धाकटा भाऊ बारावीला. तिच्या घरी त्या एका वर्षाचा अर्थ फक्त फी एवढाच नाही. तीन वर्षांनी लागणारी नोकरी, तिचे बारा पगार, बसचा पास, आणि ‘अजून किती शिकणार?’ हा प्रश्न हे सगळं त्यात येतं. अशा मुलीला ‘शिक्षण कधी वाया जात नाही’ असं म्हणणं सोपं आहे. पण ते उत्तर नव्हे.

म्हणून आम्ही दोघांनी कागद घेतला. एम.कॉम. करून पुढे प्राध्यापकी किंवा संशोधन करायचं असेल तर चौथं वर्ष फायद्याचं. पूर्वी तीन अधिक दोन, आता चार अधिक एक. वर्षं पाचच. संशोधनाची ओढ असेल तर चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के मिळवून थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं. परदेशी जायचं असेल तर तिथली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारा अधिक चार, हिशेब बसतो.

पण बँकेची परीक्षा, लोकसेवा आयोग, एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा यांना तीन वर्षांची पदवी पुरते. सी.ए. करणाऱ्यालाही ऑनर्सची गरज नाही. ज्याला लवकर कमवायचंय, त्याने चौथं वर्ष केलं नाही म्हणून तो कमी ठरत नाही. हे मी शिक्षक म्हणून ठामपणे सांगतो.

आणखी एक गोष्ट. २०२४-२५ पासून बी.बी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. अनेक महाविद्यालयांनी मग आपल्या अभ्यासक्रमाचं नाव बदलून बी.कॉम.च्या छत्राखाली घेतलं. तेव्हा जाहिरातीतलं नाव पाहून हुरळू नका, पदवीपत्रावर काय छापून येणार ते विचारा.

आणि विचारायचंच तर तीन प्रश्न विचारा. आमच्या विषयाचं चौथं वर्ष याच महाविद्यालयात आहे का? संशोधनासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का? फी किती? तालुक्याच्या गावात यातला दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असतील, तर ८० टक्के मिळवलेल्या मुलीने संशोधन कोणाच्या हाताखाली करायचं? शहरातल्या मुलाला जो रस्ता आहे तो तिलाही मिळायला हवा, नाहीतर ‘ऑनर्स’ हा मान पत्त्यावर ठरेल, गुणांवर नाही.

पालकांनो, तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट पाहू नका. दुसऱ्या वर्षातच मुलांबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा. एका बाजूला खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला पुढची वाट लिहा. आणि बेरीज मात्र मुलांना करू द्या. वर्ष त्यांचं आहे.