झाकली मूठ चोराच्या फायद्याची

(पाम येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



'वर्गातील तंत्रज्ञान आणि सायबर गुन्हेगारी' असा विषय मला दिला आहे. विषयाचे नाव भारदस्त असले, तरी पामसारख्या गावात तो समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या शेजारी तारापूरला देशातील पहिल्या अणुवीज केंद्राने २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीजपुरवठ्यास प्रारंभ केला. पुढे गावाच्या वेशीला लागून औद्योगिक वसाहत उभी राहिली. इथल्या कितीतरी घरांतील कर्ती माणसे रोज पाळीवर जातात. अणुकेंद्रात काम करणाऱ्याच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा बिल्ला असतो. रसायनांच्या कारखान्यात वायूची गळती दिसली तर काय करायचे, हे कामगाराला आधी शिकवावे लागते. प्रथम ओरडून सर्वांना सावध करायचे, झडप बंद करायची. चूक कोणाची, याची चौकशी नंतर. ज्या कारखान्यात चूक सांगणाऱ्यावरच आधी डोळे वटारले जातात, तेथे माणसे गळती लपवू लागतात. लपवलेली गळती पुढे काय करते, हे बोईसर परिसराला मी सांगण्याची गरज नाही.

आपल्या घरात आणि वर्गात नवे यंत्र आले, पण गळती दिसताच ओरडण्याची ही शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. माझे आजचे सांगणे एवढेच आहे.

फळ्यापासून पडद्यापर्यंत

मी तंत्रज्ञानाचा विरोधक नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी आपण सारे ठाणे जिल्ह्यातच होतो. त्याच ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यातील शिक्षक तो पाहण्यासाठी तेथे जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. ही आपल्या मराठी शाळांची कर्तबगारी आहे आणि तिचा सार्थ अभिमान आपण बाळगला पाहिजे.

पण मार्च २०२० नंतर जे घडले ते वेगळे होते. करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हाच वर्ग झाला. ज्या घरात एकच फोन होता तेथे तो मुलाच्या हाती गेला. जेथे नव्हता तेथे कर्ज काढून घेतला गेला. त्याच फोनमध्ये वडिलांचे बँक खाते होते, आईचे आधार कार्ड होते, कुटुंबाची सारी छायाचित्रे होती. घराच्या तिजोरीची किल्ली आणि मुलाची पाटी एकाच वस्तूत आली. शाळा पुन्हा भरल्या, तरी ती वस्तू मुलांच्या हातातून परत आली नाही.

गुन्हेगाराचे सोंग

सायबर चोर संगणकाचा मोठा पंडित असतो, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कुलूप तोडत नाही. दार आपल्याकडूनच उघडून घेतो. विद्यार्थ्यांपुढे तो ठराविक सोंगांतून येतो. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा' हे एक सोंग. 'घरबसल्या चित्रफिती पसंत करा आणि रोज पैसे मिळवा' हे दुसरे; यात आधी शंभर-दोनशे रुपये खरोखर मिळतात, मग हजारो भरायला लावतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून आलेली फाईल हे तिसरे. ती उघडून बसवली की फोनवरचे संदेश परस्पर चोराला दिसू लागतात. अनोळखी सुंदर चेहऱ्याची मैत्री हे चौथे सोंग, आणि सर्वांत क्रूर. त्यात व्हिडिओ कॉलचे चित्रण होते किंवा साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील चित्र तयार होते, आणि 'पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो' अशी धमकी येते.

एक नियम विद्यार्थ्यांनी आजच घरी जाऊन आई-वडिलांना सांगावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे मिळणार म्हणून जो पिन टाकायला सांगतो, तो चोर आहे.

भाड्याचे खाते

आतापर्यंत मी बळी पडणाऱ्यांविषयी बोललो. पण विद्यार्थी गुन्हेगाराचे हत्यारही होतो, आणि हे पालकांना फारसे ठाऊक नसते. 'तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, दोन-चार हजार देतो' असे कोणीतरी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर सांगतो. मुलाला वाटते, आपल्या खात्यात काही नाहीच, आपले काय जाणार? त्या खात्यात एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी येऊन पुढे जाते. पोलीस माग काढत येतात तेव्हा कागदावर नाव त्या मुलाचे असते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले. बनावट कार्डांच्या साह्याने अनेक देशांतील एटीएममधून रोख रक्कम काढली गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातील एटीएमही होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. एवढा मोठा कट रचणाऱ्यांपर्यंत हात पोहोचणे अवघड. पण एटीएमसमोर उभे राहून कार्ड घालणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात असतो. खाते भाड्याने देणाऱ्याचे नावही असेच बँकेच्या दप्तरी असते.

हुशार मुलांच्या पालकांनीही निर्धास्त राहू नये. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील हजारो शाळा वापरत असलेल्या 'पॉवरस्कूल' या संगणकप्रणालीतून कोट्यवधी विद्यार्थी आणि शिक्षकांची माहिती चोरली गेली. हे करणारा एकोणीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी निघाला. २०२५ मध्ये त्याला चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. बुद्धी होती, तिला वळण लावणारे कोणी भेटले नाही.

परत न येणारे अस्त्र

महाभारतातील अश्वत्थाम्याची कथा आपण जाणतो. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडले. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने ते मागे घेतले; अश्वत्थाम्याला ते मागे घेता येईना. सोडण्याची विद्या होती, आवरण्याची साधना नव्हती. मोबाईलवरून पुढे ढकललेला संदेश, वर्गमैत्रिणीचे गंमत म्हणून पाठवलेले छायाचित्र, हे असेच अस्त्र आहे. आपल्या फोनमधून पुसले तरी ते पन्नास फोनमध्ये उरते.

आपल्या जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाची जमावाने निर्घृण हत्या केली. त्या पापामागे आणखी काय काय होते, यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पण मुले पळवणारे फिरत आहेत, अशा अफवा त्या दिवसांत परिसरात पसरल्या होत्या, हे विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचे प्राण अशाच अफवेने घेतले. 'मी फक्त पुढे पाठवले' हे उत्तर त्यांच्या मुलाबाळांना कोण देणार?

येथे एक विवेकही सांगितला पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. ते मत अनेकांना रुचले नसेल. पण या घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-ए सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले. न आवडणारे मत मांडणे म्हणजे सायबर गुन्हा नव्हे. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणे, तोतयेगिरी करून फसवणे, कोणाचे खासगी चित्र पसरवणे हे गुन्हे आहेत. पहिल्या दोहोंसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. अश्लील चित्र अल्पवयीन मुला-मुलीचे असेल तर शिक्षा अधिक कठोर आहे. हा भेद आठवीच्या वर्गापासून शिकवला गेला पाहिजे.

मूठ उघडा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. सायबर गुन्ह्यात मात्र झाकलेली मूठ चोराच्या फायद्याची असते. मुलगी धमकीला घाबरते, पण त्याहून अधिक घाबरते ती घरच्यांना. 'शिक्षण बंद करतील, फोन काढून घेतील, बाबा मारतील' या भयाने ती पहिले पाचशे रुपये देते, मग पाच हजार देते. चोराचे खरे भांडवल संगणक नव्हे, आपल्या घरातील हे भय आहे. ते त्याला आपणच पुरवतो.

गप्प राहण्यात आणखी एक नुकसान आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत सरकतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर संबंधित बँकांना सूचना जाऊन वाटेतली रक्कम गोठवता येते. फोन करताना रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. २०१९ पासून केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलही आहे. महिला व मुलांविषयीच्या तक्रारी तेथे नाव न सांगता करता येतात. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अल्पवयीन मुलाचे चित्र पसरवण्याची धमकी असेल, तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा उपयोगी पडते. तिच्यात मूळ चित्र कोणाला पाठवावे लागत नाही, त्याची केवळ एक सांकेतिक खूण नोंदली जाते. धमकीचे संदेश मात्र पुसू नका, तो पुरावा आहे. आणि खंडणी देऊ नका. एकदा दिली की मागणी वाढते.

शाळांनाही माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांची जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचे फोन अशा याद्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकू नयेत. सगळ्या शिक्षकांचा मिळून एकच पासवर्ड आणि तो संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेला, हे बंद व्हावे. प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिक्षिका अशा असाव्यात, की ज्यांच्याकडे मूल निर्भयपणे जाऊ शकेल आणि ज्यांच्याकडून ती गोष्ट शिक्षक-खोलीत चर्चेला जाणार नाही.

आणि घराने काय करावे? कुटुंब प्रबोधनाच्या कामात एक आग्रह धरला जातो, की आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र भोजन करावे, बोलावे. त्या बैठकीत एक प्रश्न वाढवा: 'या आठवड्यात कोणाच्या फोनवर काय विचित्र आले?' आणि उत्तराची सुरुवात मुलांपासून नको, आजोबांपासून करा. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'डिजिटल अटक' नावाच्या फसवणुकीविषयी देशाला सावध केले आणि थांबा, विचार करा, कृती करा असा मंत्र दिला. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. तरीही पोलिसांच्या सोंगाला भुलून शिकली-सवरलेली वडीलधारी माणसे दिवसभर फोनसमोर बसून राहिली. आजोबांनी आपल्याला आलेला फोन सांगितला, बाबांनी आपली फसगत सांगितली, की नातवाचीही जीभ मोकळी होते. आईने एकच वाक्य म्हणावे: 'काहीही झाले तरी आधी मला सांग, रागावणे नंतर.' आणि मग, बंधू-भगिनींनो, मूल खरोखर सांगायला येईल त्या दिवशी तो शब्द पाळावा. फोन हिसकावून घेतला, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि धाकटे भावंडही सांगणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही एक काम देतो. वर्गातील एखादा मित्र अचानक गप्प झाला, फोन वाजला की दचकू लागला, तर त्याची चेष्टा करू नका. त्याच्याबरोबर चालत जा आणि त्याला विश्वासाच्या मोठ्या माणसापर्यंत पोहोचवा. १९३० हा आकडा आज वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शेजारच्या दोन घरांत सांगा. पाड्यावरच्या ज्या घरात पहिलाच फोन आला असेल, तेथे आधी जा.

 भारतमाता की जय!